भाजणीचं पाकीट विकायला काढताना

लहान धंदा कसा सुरू करावा, या प्रश्नाला मोघम उत्तर दिलं तर ते कुणाच्याच कामाचं नसतं. म्हणून एक साधा पदार्थ हाती घेऊ: थालिपिठाची भाजणी. ती टिकते. तिला तळणीचा पसारा लागत नाही, फ्रीज लागत नाही. यंत्रसामग्री म्हणजे एक जाड बुडाची कढई आणि कोपऱ्यावरची गिरणी. शिवाय फराळाच्या पदार्थांसारखी ती चार आठवड्यांत संपणारी गोष्ट नाही, बारा महिने खपते. आपल्या मनात मेतकूट असेल, लोणचं असेल किंवा कापडी पिशव्या असतील, तरी वाट बरीचशी हीच आहे.

सगळ्यात आधी कौतुक करणारे कोण आणि विकत घेणारे कोण, हे वेगळं काढायचं. नणंद, समोरच्या काकू, ऑफिसातल्या मैत्रिणी पाव-पाव किलो घेऊन जातात आणि ‘काय सुंदर झालीय, विकायला का नाही ठेवत?’ असं म्हणतात. त्या खरंच बोलत असतात. पण फुकट मिळालेल्या गोष्टीच्या कौतुकावरून मागणीचा अंदाज बांधता येत नाही.

त्याऐवजी पंधरा-वीस घरांत दोनशे ग्रॅमची पुडी एकदाच द्यावी. त्यातली निम्मी घरं तरी फारशा ओळखीची नसावीत. देताना तीनच गोष्टी विचाराव्यात: सध्या भाजणी कुठून आणता, महिन्याला किती लागते आणि काय भावाने पडते. ‘आवडली का?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस आपल्याकडे दुर्मीळ. मग थांबायचं. दोन-तीन आठवड्यांनी ज्या घरांतून आपणहून ‘आणखी आहे का? कितीला देणार?’ अशी विचारणा होते, तेवढेच आपले गिऱ्हाईक. वीसपैकी पाच आले तरी ती चांगली सुरुवात समजावी. एकही आला नाही तर पदार्थ, चव किंवा वस्ती यांपैकी काहीतरी बदलायला हवं, आणि हे कळायला जेमतेम चार किलो भाजणी खर्ची पडलेली असते.

या उत्तरांतून आणखी एक गोष्ट कळते ती पाकिटाच्या मापाची. दोन माणसांच्या घरात किलोची भाजणी महिनाभर पडून राहते, म्हणून ती माणसं किलोचं पाकीट घेतच नाहीत. बहुतेक ठिकाणी अर्धा किलो हेच सोयीचं माप निघतं.

आता कृती कागदावर आणायची. घरी आपण वाटीने आणि नजरेने घेतो, पण धंद्यात वाटी चालत नाही. जूनमध्ये नेलेल्या पाकिटाची चव ऑक्टोबरच्या पाकिटाला आली नाही, तर गिऱ्हाईक तक्रार करत बसत नाही. पुन्हा येत नाही, एवढंच. म्हणून सगळं ग्रॅममध्ये लिहावं. तांदूळ ३ किलो, ज्वारी २ किलो, बाजरी २ किलो, हरभरा डाळ दीड किलो, उडीद डाळ १ किलो, धणे ४०० ग्रॅम आणि जिरे १०० ग्रॅम असा १० किलोचा घाणा धरू. प्रमाण आपल्या घरचं वेगळं असेल. ते कायम तेच राहणं महत्त्वाचं.

प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, हे सांगायला नको. ज्वारीला लागतो तेवढा वेळ जिऱ्याला दिला तर जिऱ्याचा कोळसा होतो. मात्र किती मिनिटं आणि कशा आचेवर, हेही वहीत टिपावं, कारण उद्या मदतीला बाई ठेवली तर तिला ‘खमंग वास येईपर्यंत’ एवढ्यावर काम करता येणार नाही.

भाजणी बिघडते ती बहुधा गिरणीच्या आसपास. एक तर धान्य पुरतं निवायच्या आत दळायला नेलं जातं. दुसरं, गिरणीतून आलेलं गरम पीठ तसंच पिशवीत भरून सील केलं जातं. आतली वाफ पाकिटातच पाणी होऊन बसते, पिठाच्या गुठळ्या होतात आणि पंधरा दिवसांत कुबट वास येतो. दळून आणलेलं पीठ स्वच्छ कापडावर पसरून हाताला अगदी गार लागेपर्यंत ठेवावं आणि मगच भरावं. तिसरी गोष्ट, गिरणीत आपल्या आधी कुणाचं तरी दळण होऊन गेलेलं असतं आणि जात्यात थोडं पीठ राहतंच. आपलेच मूठ-दोन मूठ तांदूळ आधी फिरवून ते पीठ बाजूला काढावं. एवढं करूनही गव्हाचा अंश येऊ शकतो. आपल्या भाजणीत गहू नसला तरी पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असं छापायच्या मोहात पडू नये. ज्यांना गव्हातल्या त्या प्रथिनाचा खरोखर त्रास आहे, त्यांच्या जिवाशी तो खेळ होतो.

प्रत्येक घाण्यातली दोन-तीन पाकिटं तारीख टाकून कपाटात ठेवून द्यावीत आणि एक महिन्याने, दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी एकेक फोडून पाहावं. वास, चव, गुठळी, अळी, जाळी सगळं बघावं. ‘किती महिने टिकते?’ या प्रश्नाचं उत्तर या पाकिटांतून मिळवायचं असतं, दुसऱ्याच्या लेबलावरून उतरवायचं नसतं.

आता मुख्य काम, किंमत काढण्याचं. इथे कृपया घाई करू नका. घरगुती धंदे चवीमुळे क्वचितच बंद पडतात. ते बंद पडतात वर्षभर राबून हातात काही उरत नाही म्हणून, आणि का उरत नाही हे करणाऱ्या बाईला शेवटपर्यंत कळत नाही म्हणून. तेव्हा वही उघडून बसू. खालचे भाव उदाहरणादाखल घेतलेत. आपल्या बाजाराचे आपण घालावेत.

दहा किलोच्या घाण्याला धान्य, डाळी, धणे, जिरे मिळून समजा ७०० रुपये लागले. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो. घाण्यातून अर्ध्या किलोची पाकिटं निघतात, एक ८० रुपयांना विकलं की दीड हजाराच्या घरात पैसे येतात, म्हणजे निम्म्याहून जास्त सुटले, असा तो हिशेब.

पहिली गळती वजनात असते. भाजताना धान्यातला ओलावा जातो, दळताना पीठ उडतं, जात्यात राहतं, थोडं चाखायला जातं. दहा किलो धान्याची भाजणी दहा किलो कधीच भरत नाही. समजा ९ किलो भरली, तर पाकिटं १८ झाली, २० नाहीत. आपली घट नेमकी किती, हे तीन-चार घाण्यांचं आधीचं आणि नंतरचं वजन लिहून पाहावं.

मग बाकीचे खर्च. गॅस ८० रुपये, दळणावळ १००, बाजारातून माल आणायला रिक्षा ५०. पाकीट आणि लेबल मिळून नगाला ८ रुपये, म्हणजे १८ पाकिटांचे १४४. धान्य धरून बेरीज झाली १,०७४ रुपये. हे सगळे आपल्या बटव्यातून रोख गेलेले पैसे.

यापुढचा आकडा लिहिताना बहुतेकींचा हात अडखळतो. निवडणं, भाजणं, गिरणीत जाऊन येणं, गार करणं, भरणं, सील करणं यात समजा सात तास गेले. ते तास कुणाचे? ‘माझेच आहेत, घरीच तर असते मी’ हे उत्तर ऐकून ऐकून कान किटले आहेत. हेच काम करायला बाहेरून कुणी बोलावलं असतं तर तिला तासाला काय दिलं असतं? ७० रुपये धरू. सात तासांचे ४९० झाले. ते खर्चाच्या रकान्यात लिहायचे, नफ्याच्या नाही. आपण आजारी पडलात, बाळंतपणाला लेकीकडे गेलात किंवा धंदा वाढून मदतनीस ठेवावी लागली, तर हे पैसे कुणाला तरी द्यावेच लागणार आहेत. किमतीत ते आधीपासून नसतील तर त्या दिवशी धंदा तोट्यात जातो.

उरलं किरकोळ: फोन, वजनकाटा, फुकट दिलेले नमुने, फाटलेली पाकिटं, नोंदणीचे खर्च. हे दर घाण्याला १०० रुपये धरू. एकूण १,६६४ रुपये. भागिले १८. एक पाकीट आपल्याला सुमारे साडेब्याण्णव रुपयांना पडलं, आणि आपण ते ८० ला विकायला निघालो होतो.

दर पाकिटामागे बारा रुपयांचा तोटा सोसूनही हातात रोख पैसे येत राहतात, कारण तो तोटा आपल्या सात तासांतून भरला जात असतो. वर्षभर धंदा जोरात चालल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हेच.

किंमत ठरवताना आणखी एक घोळ होतो तो टक्क्यांचा. समजा आपण पडत्या भावावर, म्हणजे ९२ रुपयांवर, २५ टक्के चढवले आणि छापील किंमत ११५ ठेवली. दुकानदार म्हणाला, ‘मला २५ टक्के सुटले पाहिजेत.’ आपल्याला वाटतं, २५ टक्केच तर आहेत, तेवढे आपण धरलेत. पण त्याचे टक्के छापील किमतीवर असतात. ११५ चे २५ टक्के म्हणजे पावणेएकोणतीस रुपये. आपल्या हाती आले सव्वाशहाऐंशी. म्हणजे पुन्हा तोटाच.

म्हणून किंमत उलटीकडून काढावी. आज ना उद्या दुकानात ठेवायचं आहे असं धरून छापील किंमत १४० ठेवली, तर दुकानदाराचे २० टक्के जाऊन आपल्याला ११२ मिळतात, म्हणजे साडेएकोणीस रुपये सुटतात. त्याने २५ टक्के मागितले तर १०५ मिळतात आणि साडेबारा सुटतात. थेट घरून विकलं तर साडेसत्तेचाळीस. घरून ११० ला आणि दुकानात १४० ला असं मात्र करू नये. दुकानदाराला ते चार दिवसांत कळतं आणि आपली पाकिटं फळीच्या मागच्या रांगेत जातात.

‘१४० ला कोण घेईल?’ ही भीती रास्त आहे. उत्तर पहिल्या पायरीवर मिळवलेल्या माहितीत आहे, आजूबाजूची घरं सध्या काय भावाने घेतात त्यात. तो भाव आपल्या पडत्या भावाच्याही खाली असेल तर तीन वाटा उरतात: घाणा मोठा करून वेळ वाचवणं, धान्य घाऊक बाजारातून आणणं, किंवा हा पदार्थ सोडून दुसरा धरणं. माल हलका करून स्वस्त पाकीट काढणं ही चौथी वाट लोकांना आधी सुचते. लिज्जतच्या इतिहासात हा प्रसंग आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं भरली. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबापांनी सांगितलं की एकच, चांगल्या प्रतीचा पापड करा, आणि हिशेब धंद्यासारखा चोख ठेवा. दोन्ही सल्ले त्या बायकांनी पाळले.

किंमत ठरली की खेळतं भांडवल बघायचं, म्हणजे माल विकून पैसे परत येईपर्यंत अडकून राहणारी रक्कम. आज धान्य आणलं, आठवड्याने पाकिटं दुकानात गेली, दुकानदाराने महिन्याने पैसे दिले, तर आजचा रुपया पाच-सहा आठवड्यांनी घरी येतो. आठवड्याला दोन घाणे असतील तर सहा आठवड्यांत बारा घाण्यांचे रोख पैसे बाहेर अडकतात: १,०७४ गुणिले १२, म्हणजे तेरा हजारांच्या आसपास. एवढे पैसे बाजूला नसतील तर धंदा नफ्यात असूनही सातव्या आठवड्याला धान्य आणायला पैसे नसतात. मग घरखर्चातून उचल होते, आणि तिथून हिशेबाचा गुंता सुरू होतो.

उधारीचा नियम पहिल्याच दिवशी ठरवावा. ‘विकलं गेलं की पैसे देतो’ असं म्हणून पाकिटं ठेवून घेणारे दुकानदार पुष्कळ असतात. नव्या माणसाला ते नाकारता येत नाही, हे खरं. पण तिथे दहाच पाकिटं ठेवावीत, दोन प्रतींत चलन करून एकीवर सही घ्यावी आणि मागचे पैसे मिळाल्याशिवाय पुढचा माल देऊ नये. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज चढतं. कायदा आपल्या बाजूचा आहे. मात्र अकराशे रुपयांसाठी कुणी तक्रार करायला जात नाही, म्हणून सही आणि दहा पाकिटांची मर्यादा हेच खरं संरक्षण.

धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत. धंद्याच्या नावाने व्यवहार करायचा तर बँकेत चालू खातं उघडावं लागतं, आणि यूपीआयचा कोड त्याच खात्याला जोडावा. महिन्याला आपली मजुरी म्हणून ठरलेली रक्कम तिथून घरखात्यात घ्यावी. मुलाची फी भरायला धंद्याच्या खात्यातून पैसे काढले तर तेही ‘उचल’ म्हणून लिहावं. घर आणि धंदा एकाच डब्यात असला की नफा किती झाला, हे सांगायला ब्रह्मदेवही पुरत नाही.

मालकी कुणाची, याचा निर्णयही आत्ताच घ्यावा. एकटीने करायचं तर एकल मालकी, म्हणजे धंदा आणि मालक कायद्याने एकच. त्यासाठी वेगळी कंपनी वगैरे काढावी लागत नाही. दोन मैत्रिणी मिळून करणार असतील तर भागीदारीचा करार लेखी करावा. पैसे निम्मे-निम्मे घातले एवढंच लिहून भागत नाही. तास कोण किती देणार, आणि एकीने सोडायचं ठरवलं तर काय, हेही त्यात हवं. भांडणं बहुतेक तासांवरून होतात.

आता कागदपत्रं. लोक यांना भितात, पण घरगुती पातळीवर ती फार नाहीत. खाण्याचा पदार्थ पैसे घेऊन विकायचा तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी आधी हवी. ती ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर होते. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठेवलं होतं, त्यावरच्यांना परवाना. उलाढाल म्हणजे एकूण विक्री, नफा नव्हे. मर्यादा आणि शुल्कं बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावर पाहून घ्यावं. मिळणारा क्रमांक चौदा अंकी असतो आणि तो पाकिटावर छापावा लागतो.

दुसरी ‘उद्यम’ नोंदणी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. मात्र इंटरनेटवर शोधलं की सरकारी वाटणारी, पैसे मागणारी संकेतस्थळं वर येतात आणि लोक तिथे हजार-दोन हजार भरून बसतात. पत्त्याच्या शेवटी सरकारी खूण, म्हणजे ‘गव्ह डॉट इन’, आहे का एवढं बघावं.

तिसरा विषय वजनमापाचा. स्वयंपाकघरातला काटा विक्रीला चालत नाही. वैधमापन विभागाने पडताळून मुद्रा मारलेला काटा लागतो आणि ती पडताळणी मुदतीत पुन्हा करून घ्यावी लागते. पाकीटबंद माल भरणाऱ्याला या विभागाकडे, काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत, स्वतःचं नाव-पत्ताही नोंदवावा लागतो. ही नोंदणी बहुतेक घरगुती व्यावसायिकांना ठाऊकच नसते.

जीएसटीची भीती अकारण मोठी आहे. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला, आणि तोही राज्यातल्या राज्यात, वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत नोंदणी लागत नाही. खड्डा वेगळाच आहे. बेळगावच्या आत्याच्या ओळखीतून दहा पाकिटांची मागणी आली, आपण कुरिअर केलं, पैसे आले. करपात्र माल परराज्यात विकला की ही सूट संपते आणि विक्री कितीही छोटी असली तरी नोंदणी लागते. सुरुवातीला राज्याच्या हद्दीतच राहणं सोपं.

दुकानं आणि आस्थापनांचा कायदा, ज्याला आपल्याकडे अजून ‘गुमास्ता’ म्हणतात, तो मोजक्या माणसांच्या धंद्याला फक्त ऑनलाइन सूचना देण्यापुरता लागतो. आयकरासाठी विक्रीच्या ठरावीक टक्क्यांना, रोखीत ८ आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६, नफा धरून विवरण भरण्याची सोपी सोय आहे. त्यासाठी जवळच्या कर सल्लागाराला एकदा भेटावं. आपण सोसायटीत राहत असाल तर समितीच्याही कानावर घालावं. भाजणीचा वास चार मजले जातो.

लेबल मात्र नीट वाचून करावं, कारण छापून आल्यावर दुरुस्ती नाही. पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, हिरव्या चौकटीतलं हिरवं टिंब, निव्वळ वजन (पाकिटाचं वजन सोडून), करांसह कमाल किंमत, एका ग्रॅमला किती पडलं तो दर (५०० ग्रॅम १४० ला असेल तर २८ पैसे), घाणा क्रमांक, उत्पादनाची आणि कधीपर्यंत वापरावं ती तारीख, आपलं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि तो चौदा अंकी क्रमांक. नेहमीची चूक म्हणजे दर कमी पडतो म्हणून पहिल्याच फटक्यात पाच हजार छापील पाकिटं करून घेणं. नंतर वजन बदलतं, पत्ता बदलतो, एखादी नोंद राहून गेलेली असते आणि माळ्यावर पाकिटांचा ढीग पडून राहतो. पहिले सहा महिने साधं कोरं पाकीट आणि त्यावर चिकटवायचं लेबल. नगाला दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

नाव ठेवताना ‘घरगुती भाजणी’ किंवा ‘अस्सल चव’ असं ठेवलं तर त्यावर आपला हक्क सांगणं अवघड जातं, कारण ते वर्णन झालं. वेगळं नाव घ्यावं, व्यापारचिन्हांच्या सरकारी संकेतस्थळावर ते आधीच कुणाचं आहे का हे पाहावं. पीठ-मसाले तिथे ३० व्या वर्गात येतात. नोंदणी लगेच केली पाहिजे असं नाही, पण दुसऱ्याचं नाव उचलू नये.

विक्री कुठे करायची? सोसायटीचे व्हॉट्सअ‍ॅप गट, भिशी, ओळखीचं किराणा दुकान, बचत गटांची प्रदर्शनं. प्रदर्शनाबद्दल दोन शब्द. दोन दिवसांच्या गाळ्याला ३,००० रुपये भाडं असेल तर साडेसत्तेचाळीस रुपयांच्या हिशेबाने ६४ पाकिटं नुसत्या भाड्यातच जातात. दोन दिवस आठ-आठ तास उभं राहायची मजुरी धरली तर आकडा ८७ वर जातो. त्यावरचं ८८ वं पाकीट पहिला नफा देतं. तरीही प्रदर्शनाला जावंसं वाटलं तर जावं, पण ते जाहिरातीसाठी आहे हे ठरवून, आणि येणाऱ्या प्रत्येकाचा फोन क्रमांक विचारून लिहून घेऊन.

पावसाळ्याची तयारी मेमध्येच करावी. हवेतला ओलावा पीठ शोषून घेतं, धान्याला टोका आणि सोंडे होतात, वाळवण होत नाही. लिज्जतच्या बायकांना पहिल्या वर्षी पावसामुळे चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला आणि पापड वाळवले. भाजणीसाठी एवढंही लागत नाही. धान्य उन्हाळ्यात कडकडीत ऊन देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं आणि पावसाळ्यात घाणे लहान घेऊन पाकिटं जाड वापरावीत. टिकण्याची मुदतही पावसाळ्यातल्या नमुना पाकिटांवरूनच ठरवावी, उन्हाळ्यातल्या नव्हे.

कर्ज आणि अनुदान हा विषय मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण लोक तो सगळ्यात आधी काढतात. मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० साली काढलेल्या योजनेत बँकेच्या कर्जाला जोडून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, अनुदान ठेवलेलं आहे. ती आपल्याकडे सध्या कोणत्या टप्प्यावर आहे हे तालुका कृषी कार्यालयात किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारावं. अनुदान म्हणजे हातात पडणारी रक्कम असा गैरसमज असतो. आधी कर्ज घ्यावं लागतं, हप्ते भरावे लागतात, आणि अनुदान नंतर त्या कर्ज खात्यात वळतं होतं. ‘मी काढून देतो, अमुक टक्के द्या’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावं.

कर्ज कशासाठी घेणार, याचाही हिशेब आधी मांडावा. समजा २५,००० रुपयांची घरगुती चक्की घ्यायची आहे. दर घाण्याला दळणावळीचे १०० रुपये आणि गिरणीत जाण्याचा तासभर, म्हणजे ७० रुपये, असे १७० वाचतात. पंचवीस हजार फिटायला १४७ घाणे लागतील. आठवड्याला दोन घाणे असतील तर जवळजवळ दीड वर्ष, वीज आणि व्याज सोडून. आठवड्याला सहा घाणे होत असतील तर सहा महिने. पहिल्या स्थितीत चक्की घेऊ नये, दुसऱ्या स्थितीत उशीर करू नये.

आणि दिवाळीच्या आधी कधीतरी एखाद्या कचेरीतून फोन येईल: ‘पाचशे पाकिटं हवीत, वीस दिवसांत.’ आनंदाने ‘हो’ म्हणण्याआधी वही काढा. पाचशे पाकिटं म्हणजे २८ घाणे. सात तासांच्या हिशेबाने १९६ तास, म्हणजे वीस दिवस रोज जवळजवळ दहा तास, आणि नेहमीचे गिऱ्हाईक वेगळे. धान्य-पाकिटांना तीस हजार रोख लागणार. मदतीला दोन बायका मिळत असतील आणि निम्मी रक्कम आगाऊ येत असेल तर ऑर्डर घ्यावी. नसेल तर ‘दोनशे नक्की देते, उरलेली दुसरीकडून घ्या’ असं सांगावं, आणि त्या दोनशेचीही आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्यावरच धान्य आणायला बाहेर पडावं.